मावशींची मोजणी

"हळू बोला गं, झोपलंय ते."

आमच्या शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेंढा भरलेलं एक जुनं घुबड आहे. त्याचा एक डोळा मी शाळेत लागायच्या आधीच पडला होता. मुली त्याच्यासमोर गलका करू लागल्या की लॅबच्या मावशी हातातलं फडकं खांद्यावर टाकायच्या, ओठांवर बोट ठेवायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. इतक्या गंभीर चेहऱ्याने, की पाचवीतली एखादी नवखी मुलगी खरंच दबक्या पावलांनी मागे सरायची.

एकदा मी म्हटलं, "मावशी, मेलेल्या घुबडाला झोपलंय काय म्हणता? मी इथे शास्त्र शिकवते."

"तुम्ही शिकवा की बाई. पर मेलेलं हाय म्हणलं की पोरी हात लावत्यात. झोपलंय म्हणलं की न्हाय लावत."

त्यानंतर मीही मुलींना ते झोपलंय असंच सांगू लागले.

तुम्ही कुठल्याही शाळेत शिकला असाल तर अशी एक मावशी तुम्ही पाहिली असणार. फरक इतकाच की आमच्या मावशींना प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बरणीची खबर असे. कुठल्या बरणीतलं पाणी उडालंय, कुठल्या फुलपाखराला कसर लागलीय, सांगाड्याचं कुठलं बोट तारेतून निसटलंय, सगळं त्यांना आधी कळायचं. लोणी काळभोरहून दोन बस बदलून त्या पेठेतल्या शाळेत साडेसातला हजर असत. मी बिबवेवाडीहून स्कूटरवर येऊन रोज पाच मिनिटं उशिरा पोचायचे. "सिग्नल लागला असंल," असं त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या. असे टोमणे मारणं त्यांनी पुण्यात येऊन उचललं होतं.

नववीच्या मुलींची विज्ञान सहल माझ्याकडे असायची. दर वर्षी एखादं संग्रहालय, एखादं विज्ञान केंद्र. मुलींबरोबर एक बाईमाणूस सेवक लागतोच, म्हणून मावशी यायच्या. एका वर्षी विज्ञान केंद्रात, ज्या गोळ्यावर हात ठेवला की केस उभे राहतात, त्या गोळ्यावर मुलींनी त्यांना हात ठेवायला लावला. मावशींच्या कपाळावरचे पांढरे केस ताठ उभे राहिले. "अगं बया!" म्हणत त्यांनी हात काढून घेतला आणि पदर डोक्यावर घट्ट ओढला. मग सगळ्या मुलींचं झाल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून, पुन्हा एकदा ठेवला. मी पाहिलं होतं.

तारांगणात दिवे मालवले आणि वरच्या घुमटात चांदण्या उगवल्या तेव्हा सगळीकडे शांतता झाली. त्या शांततेत मावशींचा आवाज आला, "आमच्या रानात आसंच दिसायचं. आता न्हाय दिसत. हायवेचे दिवे आले." मुली हसल्या. मी "शूः" केलं. पण त्या दिवशीच्या सगळ्या माहितीपटात तेवढंच एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं आहे.

मावशींची मोजणी हा सहलीतला खास कार्यक्रम असे. त्या आकडे म्हणत नसत. बसच्या दारात उभ्या राहून चढणाऱ्या प्रत्येकीच्या डोक्याला हात लावायच्या. "तू आलीस. तू आलीस. डबा सांडलेली आलीस. रडकी आलीस. या दोघी चिकटलेल्या आल्या." शेवटी म्हणायच्या, "झाल्या बाई समद्या." मी यादी घेऊन मोजायचे तेव्हा आकडा बरोबरच निघायचा. संग्रहालयातही त्या सगळ्यांच्या मागे असायच्या. एका दालनातली शेवटची मुलगी बाहेर पडल्याशिवाय त्यांचा पाय निघायचा नाही. त्यांना हे काम कुणी सांगितलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

त्या वर्षी दोन दिवसांची सहल मुंबईला होती. पहिल्या दिवशी निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय. बेचाळीस मुली, मी, मावशी आणि बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून रस्ता सांगणारे पी.टी.चे सर. पक्ष्यांच्या दालनात काचेमागे टिटवीची जोडी मांडली होती. मी मुलींना गोळा करून सांगू लागले. संग्रहालय बघायला आलेली इतर काही मंडळीही ऐकायला थांबली, त्यामुळे मला जरा जोर चढला. टिटवी गवतात काड्यांचं घरटं विणते, असं मी ठोकून दिलं. खरं तर मला नीट आठवत नव्हतं.

"घरटं कुठलं बाई?" मागून मावशी म्हणाल्या. "चार खडे मांडती उघड्या ढेकळात आन् त्यात घालती अंडी. खड्यासारखीच दिसत्यात. आमचे मालक कुळव चालवताना थांबायचे तिच्यापायी. तेवढी जागा सोडून द्यायचे."

मुली माझ्याकडे पाठ करून मावशींकडे वळल्या. "मग, मावशी?" "पिल्लं कशी दिसतात?" त्या मंडळींतले एक गृहस्थ हसून म्हणाले, "बरोबर सांगतायत त्या. बाईंनी त्यांनाच बोलू द्यावं."

बस, एवढंच घडलं. कुणी माझा अपमान केला नव्हता. पण माझे कान तापले. मी माझ्या ठेवणीतल्या थंड आवाजात म्हटलं, "मावशी, शिकवायला शाळेने मला नेमलंय. आपण बसमध्ये जाऊन बसावं. इथलं मी पाहते."

मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "व्हय बाई," म्हणाल्या आणि गेल्या.

 पुढची दालनं मी भराभर उरकली. आता मागे कुणीच नव्हतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

बसपाशी सावळागोंधळ होता. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता, पोलीस बस काढायला सांगत होता. मी यादी घेऊन मोजत होते आणि मुली जागा बदलत होत्या. एकदा एक्केचाळीस आले, एकदा त्रेचाळीस. कुणीतरी ओरडलं, "सगळ्या आहेत, मॅडम!" मावशी मागच्या सीटवर बसल्या होत्या. त्या उठून पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, एक कमी वाटती. ती वहीवाली पोरगी न्हाय दिसत."

"मावशी, मला मोजता येतं."

हे मी सगळ्यांसमोर म्हटलं. बस सुटली.

ती वहीवाली मुलगी त्याच वर्षी शाळेत आली होती. कुणाशी बोलत नसे, कायम वहीत काहीतरी काढत बसायची. तिच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असायची, त्यामुळे ती नाही हे कुणाला जाणवलंच नाही. पाऊण तासाने, तिच्या सहलीच्या बिल्ल्यावरचा नंबर पाहून, संग्रहालयातून माझ्या मोबाइलवर फोन आला. खवल्या मांजराच्या काचेसमोर जमिनीवर बसून ती चित्र काढत होती. चित्र पुरं करून तिने मान वर केली तेव्हा दालनात कुणीच नव्हतं.

आम्ही बस वळवली. वाटेत मी यादीतल्या एकेका नावावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा मोजत राहिले. मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या, पण "मी म्हणलं व्हतं" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. संग्रहालयापाशी बस थांबताच त्या सगळ्यांच्या आधी उतरल्या. सुरक्षारक्षकाच्या खुर्चीवर ती मुलगी वही छातीशी धरून बसली होती. रडत नव्हती. मावशींना पाहिल्यावर मात्र रडली. दुसरा सगळा दिवस, विज्ञान केंद्रात, मावशींनी तिचा हात सोडला नाही.

पुण्यात परतल्यावर व्हायचं ते झालं. मुलीचे आईवडील शाळेत आले. ते काही चुकीचं बोलत नव्हते. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला.

मी तो खुलासा तीनदा लिहिला. पहिल्या कागदावर जे घडलं ते होतं. तो मी फाडला. तिसऱ्या कागदावर हे वाक्य आलं: "मुलींची देखरेख व मोजणी यांसाठी सेवक म्हणून मावशी सहलीत सोबत होत्या." यात एकही शब्द खोटा नाही. मी त्यांना दालनातून हाकललं, त्यांनी एक मुलगी कमी असल्याचं सांगितलं आणि मी त्यांना गप्प केलं, हे मात्र त्या कागदावर कुठेच नव्हतं. लिहिताना मला ते कळत होतं. माझी बढती त्या वर्षी ठरायची होती, हेही मला कळत होतं.

मावशी शाळेच्या नोकरीत नव्हत्या, एजन्सीमार्फत आलेल्या होत्या. एजन्सीला फक्त एवढंच कळवायचं असतं: बाई बदलून द्या. आठवड्याच्या आत ते झालं.

शेवटच्या दिवशी मावशी प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्यायला माझ्याकडे आल्या. मी वह्या तपासत होते आणि मान वर करत नव्हते. "बाई, सापाच्या बरणीचं झाकण सैल झालंय, तेवढं बघा. आन् नव्या बाईला सांगा, सांगाडा ओल्या फडक्यानं पुसायचा न्हाय." मी "हो" म्हटलं. त्या क्षणभर थांबल्या. मी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी लाल पेनाने एका वहीत बरोबरची खूण केली. कुणाची वही होती, काय उत्तर होतं, मला आजही सांगता येणार नाही.

बढती मिळाली. सगळ्यांना पेढे वाटले. ती वहीवाली मुलगी पेढा घ्यायला आली आणि तिने विचारलं, "मॅडम, मावशी का येत नाहीत?" वर्षभरात ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, "त्यांना लांब पडायचं गं." तिने मान हलवली, पेढा मात्र घेतला नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी बसने लोणी काळभोरला गेले. विचारत विचारत घर सापडलं. शेत कधीच वाटण्यांमध्ये आणि प्लॉटमध्ये गेलं होतं, मागे दोन खोल्या उरल्या होत्या. मावशी आता तिथल्या एका कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या करायला जात होत्या. मला दारात पाहून त्या गोंधळल्या नाहीत. "या बाई," म्हणाल्या, सतरंजी टाकली आणि चहा ठेवला.

मी चहा निवू दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खुलासा, ते वाक्य, बढती.

"मला ठावं हाय," मावशी म्हणाल्या. "मोठ्या बाईंनी वाचून दाखवलं की. खाली माझी सही घेतली."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? खोटं काय व्हतं त्यात? मी सोबत व्हतेच." मग म्हणाल्या, "लई चांगलं लिवता बाई तुम्ही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मावशी, माझं चुकलं. मला माफ करा."

त्यांनी माझ्या कपाकडे बोट दाखवलं. "साय धरली. घ्या." मी चहा घेतला. रिकामा कप उचलत त्या म्हणाल्या, "बाई, ह्ये मला सांगायला एवढ्या लांब कशाला आलात? मला तर म्हाईतच व्हतं. ज्यांना न्हाय म्हाईत त्यांना सांगायचं व्हतं. तवा."

पुढचं आधी सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांकडे गेले आणि घडलं ते सगळं लिहून दिलं, सहीनिशी. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो, आता हे कशाला उकरून काढताय? पालक शांत झालेत." मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी तो कागद फाइलला लावला. मला ताकीद मिळाली, ती रास्तच होती. मावशींना परत बोलवा, असंही मी म्हटलं. पण त्यांच्या जागी आलेली बाईही पोटासाठीच आली होती. तिला काढा असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? कागदाची एक प्रत घेऊन महिन्याभराने मी पुन्हा लोणीला गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडं गेल्या, बार्शीकडं, आता तिकडंच. फोन लावला तर तो नंबर अस्तित्वात नव्हता. प्रत माझ्याकडेच राहिली.

म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी. मी नको म्हणत असताना त्या मला सोडायला हायवेपर्यंत आल्या. वाटेत एकच गोष्ट त्यांनी विचारली. "ती पोरगी बोलती का आता कुणाशी?"

"थोडं थोडं," मी म्हटलं.

"बोलंल," त्या म्हणाल्या.

बस भरधाव येत होती, थांबेल असं वाटत नव्हतं. मावशी सरळ रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी हात आडवा धरला. बस थांबली. "बाईंना जागा द्या जरा, लांबनं आल्यात," असं त्यांनी कंडक्टरला बजावलं. मी चढले, खिडकी गाठली, हात बाहेर काढला. पण मावशी वळल्या होत्या. मेसच्या संध्याकाळच्या पोळ्यांची वेळ झाली होती. पदर कमरेला खोचून, रस्त्याकडेच्या धुळीतून त्या झपझप चालत निघाल्या होत्या. पुढे सिग्नल लागला होता, बस बराच वेळ तिथेच उभी होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.