वारा फिरेपर्यंत

सापगावात आमच्या शेजारी राहणारा तो वर्षातले काही महिने संशोधनाच्या बोटीवर समुद्रात असायचा. तिथे पंप हवा ओढून एका कागदातून सोडतो. कागदावर जे बारीक कण बसतात, त्यांत लाकडाच्या धुराचा अंश किती, हे पुढे प्रयोगशाळेत तपासतात. ते कागद बदलणं हे त्याचं काम.

घरी आला तरी तो एका जागी बसायचा नाही. "वारा कुठून हाय, दादा?" असं विचारत चहाचा कप घेऊन चुलीपासून लांब सरकत राहायचा. त्याची बायको म्हणायची, "यांना आमचाच धूर चावतो."

एका फेरीत न वापरलेल्या कोऱ्या कागदावरही धूर सापडला. दोष यंत्रावर जाणार होता. यानेच साहेबांना सांगितलं की, भातरोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून, राब भाजून आपण त्याच सदऱ्यात बोटीवर आलो होतो. पुन्हा त्याला बोलावणं आलं नाही.

"गप्प बसला असतास तर?" मी विचारलं.

"मंग बाकीचे कागद पण खोटे, दादा."

पुढच्या वर्षी राबाचा पाला पसरून झाला, तरी तो काडी ओढेना. सकाळपासून बांधावर येरझाऱ्या घालत होता.

"आता कुणाची वाट बघताय?" बायको वैतागली.

"वारा समुद्राकडं चाललाय. बोट बाहेर असंल."

"तुमी नाय ना तिच्यावर."

"दुसरा कोन तरी असंल."

दुपारी वारा उलटा फिरला, तेव्हा त्याने राब पेटवला. सगळा धूर आमच्या अंगणात आला. मी दोरीवरचे कपडे काढून घरात नेले.