पेढ्यांनंतरची परीक्षा

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या मराठी मंडळींत पद्मिनीताईंशी लोक दोन तऱ्हांनी वागतात. चारचौघांत फारशी ओळख नसल्यासारखं, आणि कोपऱ्यात गाठून अगदी काकुळतीला येऊन. कारण ताई जवळच्या कम्युनिटी कॉलेजात ट्रान्स्फर काउन्सेलर आहेत. ज्या मुलांना बारावीनंतर मोठ्या युनिव्हर्सिटीत थेट जागा मिळत नाही किंवा तिथला खर्च झेपत नाही, ती मुलं पहिली दोन वर्षं इथे काढतात आणि तिसऱ्या वर्षाला तिकडे जातात. कोणते विषय घ्यायचे, कुठे अर्ज करायचा, हे त्यांना सांगायचं काम ताईंचं. पण आपलं पोर कम्युनिटी कॉलेजात आहे, हे सांगायला आपल्या लोकांची जीभ रेटत नाही. "तो सध्या इथेच शिकतोय," असं म्हणून विषय हवापाण्यावर नेतात. हीच मंडळी गणपतीच्या आरतीनंतर चपलांच्या ढिगापाशी ताईंना गाठून हळूच विचारतात, "आमच्याचं होईल ना हो?"

ताईंचं उत्तर ठरलेलं असतं. "त्याला पाठवा. तुम्ही येऊ नका."

बाई तिखट आहेत. नागपूरहून नवऱ्याच्या व्हिसावर आल्या तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती. घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा त्यांनी याच कॉलेजात नाव घातलं, इथूनच युनिव्हर्सिटीत गेल्या आणि शिकून पुन्हा इथेच नोकरीला आल्या. त्यामुळे या कॉलेजचं नाव निघाल्यावर कुणी नाक मुरडलं की त्यांचं डोकंच फिरतं. असं डोकं फिरायचे प्रसंग त्यांच्यावर बरेच येतात.

एप्रिल संपत आला होता. शुक्रवारी दुपारी मोरेश्वर गोखले पेढ्यांचा डबा घेऊन त्यांच्या ऑफिसात आले. गोखले चिप डिझाइनमधले मोठे इंजिनिअर, जन्मात फर्स्ट क्लासच्या खाली न आलेला माणूस. मुलगा नकुल दोन वर्षं ताईंच्या हाताखाली होता आणि त्याला सॅन डिएगोच्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. गोखल्यांनी आदल्या रविवारी मंडळात पेढेही वाटून टाकले होते. दोन वर्षांनी प्रथमच त्यांनी मुलाच्या कॉलेजचं नाव मोठ्याने घेतलं, तेही नव्या कॉलेजचं.

"सगळं तुमच्यामुळे हं, ताई," गोखले म्हणाले. "आणि आम्ही एक स्मार्ट काम केलं. ते डिफरन्शियल इक्वेशन्स होतं ना, त्यात सी ग्रेड येईल असं दिसत होतं. म्हटलं, अ‍ॅडमिशन तर झाली, आता कशाला डाग लावून घ्या? सोमवारी त्याला ड्रॉप करायला लावलं. रेकॉर्ड एकदम क्लीन!"

ताईंच्या तोंडात पेढा तसाच राहिला.

"ड्रॉप केलं?" त्यांनी विचारलं. "मोरेश्वरराव, ती अ‍ॅडमिशन कंडिशनल आहे. अर्जात दाखवलेले सगळे विषय या सेमिस्टरला पुरे करायचे, किमान सी मिळवून, तर सीट. एक जरी सोडला तरी युनिव्हर्सिटी सीट काढून घेऊ शकते. आणि हा तर इंजिनिअरिंगचा कंपल्सरी विषय!"

"अहो, पण सी! आमच्या घरात कुणाला कधी..."

"तुमच्या घरातून आता सॅन डिएगोलाही कुणी जाणार नाही."

हे बोलून त्यांना जरा वाईट वाटलं, पण जराच. त्यांच्या डोळ्यांपुढे मागच्या वर्षीची उर्वी आली होती. तिने असाच एक विषय कुणाला न विचारता सोडला. जुलैत युनिव्हर्सिटीने प्रवेश रद्द केला, तेव्हा तिकडे घेतलेल्या खोलीत न्यायच्या चादरीसुद्धा तिने बांधून ठेवल्या होत्या. त्या मुलीचं रडणं ताईंना अजून आठवतं आणि अजून राग येतो.

एकच वाट उरली होती. सोडलेला विषय त्याच आठवड्यात परत घेता येतो, मात्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी होकार द्यावा लागतो आणि डीनची सही लागते. आठवडा आज संपत होता. गोखल्यांनी नकुलला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. गोखल्यांच्या कपाळावर घाम आला आणि ते रुमाल शोधत सगळे खिसे चाचपू लागले.

ताई त्यांना तिथेच सोडून गणित विभागात धावल्या. प्रोफेसर ट्रॅन बॅग भरून निघायच्या बेतात होते. कडक माणूस, पण सरळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की मुलाने स्वतः येऊन मागितलं तर घेईन. वडिलांनी नाही, तुम्हीही नाही. थोडा वेळ थांबायला मात्र ते तयार झाले.

ताई बाहेर आल्या तेव्हा नकुल व्हरांड्यात उभा होता. वडिलांचे मेसेज बघून तो लायब्ररीतून आला होता, आणि गोखले त्याच्या शेजारी खाली मान घालून उभे होते.

"आय नो, काकू. बाबांनी सांगितलं," नकुल म्हणाला. "बट आय एम नॉट गोइंग बॅक."

"का रे?"

"मिडटर्मला डी होता, होमवर्कमुळे सी. फायनलला पण डी आला तर? आता निदान म्हणता येईल की ड्रॉप केलं. दॅट्स बेटर दॅन बीइंग स्टुपिड."

ताईंना त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही करता येण्यासारखं नव्हतं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "डी आला तर सीट जाईल. मी खोटं सांगणार नाही. पण आत गेला नाहीस तर ती आजच गेल्यात जमा आहे."

"मी बोलतो सरांशी," गोखले पुढे सरसावले.

"तुम्ही जागचे हलायचं नाही!"

नकुल वडिलांकडे वळला. "आय वॉज पासिंग, बाबा. कसाबसा, पण होत होतो. तुम्ही विचारलंच नाही. सी म्हटल्यावर तुमचा चेहरा असा झाला ना, म्हणून मी ड्रॉप केलं."

दाराआड ट्रॅननी बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला.

"चुकलो मी," गोखले शेवटी म्हणाले. "जा बाळा. काय येईल ते येऊ दे."

नकुल आत गेला. दार बंद झालं. ताई आणि गोखले भिंतीला टेकून उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. आत ट्रॅनचा आवाज बराच वेळ येत होता, नकुलचा येतच नव्हता. आता हा पोरगा हात हलवत बाहेर येणार, अशी ताईंची जवळजवळ खात्री झाली होती. मग दार उघडलं. ट्रॅननी होकार दिला होता, मात्र बुडलेला सगळा गृहपाठ सोमवारी हवा होता. डीन पार्किंगमध्ये गाडीत बसत होत्या. ताईंनी त्यांना अक्षरशः गाडीच्या दाराशी अडवलं आणि बॉनेटवर सही घेतली.

पुढचे आठवडे वाईट गेले. नकुल रोज दुपारी कॉलेजच्या ट्यूटरकडे बसे आणि जाताना ताईंच्या दारात डोकावून अंगठा कधी वर, कधी खाली करून दाखवी. खालीच जास्त वेळा. ताईंना रात्री स्वप्नात गणितं दिसायला लागली, आणि त्यातलं एकही सुटत नसे.

जूनमध्ये निकाल लागायच्या दिवशी तो त्यांच्याच ऑफिसात येऊन बसला. निकालाची स्क्रीन उघडायचं तो टाळत राहिला. शेवटी उघडली. दोघांनी पाहिलं, आणि ताईंनी तोंडावर हात दाबून धरला.

"बाबांना तूच सांग," त्या म्हणाल्या.

नकुलने फोन स्पीकरवर टाकला. गोखले ऑफिसात मीटिंगमध्ये होते, तरी पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा, सी आला."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि गोखल्यांचा आवाज आला, फुटलेला, भरून आलेला, भर मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगत असलेला: "माय सन गॉट अ सी! इन डिफरन्शियल इक्वेशन्स! अ सी!"

त्यावर कुणीतरी अमेरिकन सहकारी अतिशय हळुवारपणे म्हणाला, "ओह, आय एम सो सॉरी, मॅन."