धक्क्यावरचा हवालदार

साठच्या दशकात दुबईच्या खाडीजवळ माझं शिवणाचं दुकान होतं. बंदरावरच्या पहारेकऱ्यांचे गणवेश मी शिवायचो. त्यांचा हवालदार आमच्या श्रीवर्धनकडचा. दुकानात यायचा तो कायम दुसऱ्यांचं गाऱ्हाणं घेऊन.

"मास्तर, सात जणांच्या कॉलरी मान कापतात. जाडं कापड साहेबाला पसंत, घाम मात्र आमचा. समजलं ना?" असं म्हणून तो उत्तराची खरोखर वाट पाहायचा.

संघटना काढायची त्यांना परवानगी नव्हती. माणसांचं म्हणणं हाच साहेबाच्या कानावर घालायचा. एका उन्हाळ्यात दोघं जण धक्क्यावर चक्कर येऊन पडले, तेव्हा यानं सावली मागितली. गोऱ्या साहेबानं त्यालाच ऑफिसात पंख्याखालची ड्यूटी देऊ केली.

हा म्हणाला, "मेहरबानी, साहब. लेकिन एक बार धक्के पे आइए. बाकी वहीं बोलेंगे."

साहेब भर दुपारी आला. मी गणवेशांचं गाठोडं घेऊन तिथेच होतो. हवालदारानं एकेकाची तक्रार नावानिशी, अगदी सावकाश सांगायला घेतली. चौथ्या नावाला साहेबानं टोपी काढून घाम पुसला. "खलास! मांडव घाला," म्हणाला.

आठवड्यात खजुराच्या झावळ्यांचा मांडव उभा राहिला. मी नवे शर्ट घेऊन गेलो, तर हवालदार सावलीत आडवा होऊन घोरत होता. त्याच्या जागी पहारा देणाऱ्यानं मला पाहून ओठांवर बोट ठेवलं. मीही मग आवाज न करता तिथेच टेकलो.