घासून गेलेला शिक्का

पुण्याच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने मला फसवलं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत मला एक विलायती पिस्तूल मिळालं होतं, साहेब लोक दिवाणखान्यात नेमबाजी खेळायचे तसलं. त्याने भिंगातून नळीवरचा कारागिराचा शिक्का पाहिला. "शेठ, गंज काढून आणा, मग भाव बोलू." शिरूरच्या माझ्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मी तांब्याची भांडी घासतो तसं ते पॉलिश पेपरने घासलं आणि परत त्याच्याकडे नेलं. "शिक्काच गेला की हो," म्हणत त्याने ते भंगाराच्या भावात मागितलं. तासभर भांडलो, थकलो आणि देऊन टाकलं. पुढे ते त्याच्या काचेच्या कपाटात दिसलं, शेजारी कारागिराच्या नावाची चिठ्ठी. आता रागवायचाही कंटाळा येतो. पण भिंगातून नाव आधीच वाचलं होतं, तर मला घासायला का लावलं, याचं उत्तर त्याने द्यावं.