मिरजेची सरदारकन्या

माझी बायको गेली तेव्हाही तिला हे ठाऊक नव्हतं. सांगायचं म्हणून मी दोनदा तिच्याजवळ बसलो, आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून उठलो. आता घरात विचारणारंही कोणी नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहितो.

बातमीदाराचा पहिला धडा असा — मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात. कितीतरी पोरांना मी तो शिकवला. इथं मात्र ते वाक्य लिहायला घेतलं की हात दुसरीकडंच वळतो. तर आधी माणसं सांगतो.

साठच्या दशकाची सुरुवात. सांगलीच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो, अजून कायम झालेलो नव्हतो. रविवारच्या पुरवणीत बायकांचं एक पान असे. त्या पानासाठी संपादकांना परदेशी थोर स्त्रियांवर लेखमाला हवी होती. इंग्रजांच्या राण्या वाचून लोक कंटाळले होते. कोणीतरी म्हणालं, मिरजेच्या एका दवाखान्यात पोलंडची बाई आहे, ती तिकडच्या राण्यांच्या गोष्टी सांगते.

तिचं नाव हेलेना. लढाईच्या दिवसांत पोलंडमधून हुसकावलेली बायकामुलं रशिया, इराण असा फेरा घेत कोल्हापूरजवळच्या छावणीत आली होती, हे जुन्या लोकांना आठवत असेल. त्यांतली ही एक. आई वाटेत इराणात वारली. छावणी मोडली तेव्हा बाकीचे इंग्लंडला, आफ्रिकेला, जिथं जागा मिळाली तिथं गेले. ही तेव्हा मणक्याच्या क्षयानं मिरजेत खाटेवर होती. उठून चालायला लागली तोवर बरोबरचं कोणी उरलं नव्हतं. दवाखान्यानं तिला कपड्यांच्या खोलीत काम दिलं — फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, ऑपरेशनच्या कापडांना शिवण घालायची. मी गेलो तेव्हा ती चाळिशीची असेल. तिची मराठी वॉर्डातल्या बायकांकडून उचललेली, अस्सल तिकडची. वाचता मात्र येत नव्हती. एक अक्षरही नाही.

"या पेपरवालं," ती म्हणाली. "बसा. सुईवर बसू नगा."

त्या खोलीत मी बऱ्याच दुपारी बसलो. मशीन चालवता चालवता ती सांगायची. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी — तिला गादीवर बसवलं, पण राणी म्हणून नव्हे, राजा म्हणून मुकुट चढवला, कारण राज्य राजानंच करायचं अशी तिकडची रीत. एक सरदारीण — शेजाऱ्यांनी तिचा देश वाटून घेतला, नकाशावरून त्याचं नाव गेलं, तेव्हा तिनं आपल्या बागेत देवळासारखं एक घर बांधलं आणि जुन्या राजांच्या तलवारी, कागद, मोडक्या वस्तू त्यात मांडून ठेवल्या. एक पियानो वाजवणारी — नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात तीन मुलं. दरबारा-दरबारांत वाजवून तिनं ती वाढवली. आणि एक चित्रकर्ती, जी पॅरिसात एकटीच म्हातारी झाली. तिच्या खोलीत उंदीर होते आणि ती त्यांना खाऊ घालायची. ही गोष्ट सांगताना हेलेना उंदरांना नावं द्यायची — सगळी त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची. शेजारी घड्या घालणाऱ्या बायका हसून हसून चादरीत तोंड लपवायच्या.

हे सगळं तिला कुठून माहीत? तिची आई एका सरदारीणबाईंच्या घरी धुणं-इस्त्रीला होती. त्या बाई चित्रं काढायच्या. धुणेवालीच्या पोरीचा चेहरा त्यांना आवडला. जुन्या राजकन्यांचे कपडे अंगावर चढवून त्या तिला तासन्‌तास बसवून ठेवायच्या, आणि पोरीनं हलू नये म्हणून या गोष्टी सांगायच्या. चित्र झालं की कपडे उतरवून घ्यायच्या आणि पोर मागच्या दारानं आईकडं जायची.

लेखमाला चालली. कराडहून, वाईहून वाचकांची पत्रं आली. आमच्या कचेरीत माझ्याशी आधी कोणी फारसं बोलत नसे, ते चहाला हाक मारायला लागले. शेवटचा लेख खुद्द हेलेनावर लिहायचं ठरलं. मी तो खरा लिहिला होता — हे सांगून काही फायदा आहे का? नाही. तरी लिहिला होता. संपादकांनी वाचला आणि परत केला.

"धुणेवालीची मुलगी? अहो, ती आपल्याकडंही आहे की," ते म्हणाले. "तिला पोलंडहून कशाला आणायची?"

खोटं लिहा असं ते म्हणाले नाहीत. तसं कोणी म्हणत नसतं. मी खाली चहाच्या गाडीवर बसलो आणि चहा निवायच्या आत ते करून टाकलं. मागच्या दारानं जाणाऱ्या मुलीला दिवाणखान्यात नेऊन बसवलं. ती सरदार घराण्यातली झाली, चित्रकर्ती झाली. दैवानं तिचा कुंचला हिरावून हातात सुई दिली, असंही एक वाक्य होतं. लोकांनी ते पाठ केलं.

पुढचे काही दिवस मजेचे गेले. वॉर्डात तिला राणीसरकार म्हणायला लागले — "राणीसरकार, चादर बदला की." डॉक्टरांच्या बायका बघून गेल्या. सांगलीचे एक व्यापारी आपल्या आईचा फोटो घेऊन आले; मोठं तैलचित्र हवं होतं, रंगांचे पैसे आगाऊ द्यायला तयार होते. हेलेना कपड्यांच्या गठ्ठ्यांमागं लपून बसली आणि शेजारणीनं तिला ताप असल्याचं सांगितलं. मी भेटलो तेव्हा ती हे सांगून हसली. मीही हसलो. तिला राग आला असेल का? मी विचारलं नाही.

आता ते येतंय.

हेलेनाला एक धाकटी बहीण होती, झोशा. मावशीकडं गेलेली म्हणून ती तिकडंच राहिली, वाचली. बऱ्याच वर्षांनी दोघींना एकमेकींचा पत्ता लागला होता. झोशा कापडगिरणीत होती. हेलेनाला परत नेण्यासाठी तिची खटपट चालू होती, आणि मुंबईतल्या पोलंडच्या सरकारी कचेरीत हेलेनाचा अर्ज पडला होता. हे मला लेख लिहिण्याआधीपासून माहीत होतं. ते आडवं येईल हे माहीत नव्हतं — एवढं मात्र खरं. पण मुंबईच्या एका इंग्रजी पत्रानं माझ्या लेखातल्या चार ओळी उचलल्या, आणि त्या कचेरीनं हेलेनाला विचारलं: अर्जात धुणेवालीची मुलगी, पेपरात सरदारकन्या. खरं काय?

ती सांगलीला आमच्या कचेरीत आली. भर उन्हात छत्री घेऊन, मिरजेहून बसनं. बाकावर बसली, पाणी प्यायली.

"तिकडल्या सरकारला आता सरदार नगत," ती म्हणाली. "पेपरनंच लिवाय पायजे की ही त्यातली न्हवं. त्या बाई चित्र झालं की अंगावरचं कापड काढून घ्यायच्या, दादा. तुमी बी काढा की."

परवाच्या अंकात खुलासा येईल, असं मी सांगितलं. दोन ओळींचं काम होतं. पण खुलासा म्हणजे संपादकांपुढं उभं राहणं. वाचकांची पत्रं, मंडळींचा चहा, पुढच्या महिन्यात ठरायचं असलेलं माझं कायम होणं — मी संपादकांच्या खोलीच्या दारापर्यंतसुद्धा गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. त्याच बाकावर बसली. अजून छापलं नाही, असं म्हणता आलं असतं. छापणार नाही, असंही म्हणता आलं असतं. मी खाली छापखान्यात गेलो, ताजा अंक उचलला आणि वर येता येता जिन्यात तांबड्या पेन्सिलीनं तिसऱ्या पानावरच्या एका चौकटीभोवती रेघ ओढली. बाजारातल्या सौद्याची वेळ बदलल्याचं ते निवेदन होतं. अंक मी तिच्या हातात दिला.

तिनं चौकटीवरून बोट फिरवलं. "हितं माझं नाव कुठं हाय?"

मी एका शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द 'हळद' होता.

ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, कळलं. पण ती नुसती अक्षरांचं वळण बघत होती. मग तिनं पिशवीतून कात्री काढली, चौकट सरळ कापून घेतली, बाकीचा अंक घडी करून मला परत दिला आणि माझे आभार मानले. त्याच दुपारी तिनं ते कात्रण मुंबईला धाडलं.

मी कायम झालो. मिरजेला जायचं काम निघालं की दुसऱ्याला पाठवायचो.

सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला आणि मला तिकडं पाठवलं. कोयनानगरात तंबू ठोकले होते. मिरजेहून डॉक्टर, नर्सा, कपड्यांचे गठ्ठे आले होते — आणि गठ्ठ्यांबरोबर हेलेना. मी तिला पाहिलं तेव्हा ती एका म्हातारीच्या अंगावर कांबळं घालत होती. तिच्या एप्रनच्या खिशावर तांबड्या दोऱ्यानं नीट भरतकाम केलं होतं: हळद.

मला वळता आलं असतं. तिनं आधी बघितलं.

ती थांबली नाही; चादरी फाडत फाडत बोलत होती. बरोबर सुमन नावाची एक तरुण मुलगी होती, नर्सिंग शिकणारी. सुमनची आई कपड्यांच्या खोलीत घड्या घालायची. छप्पन सालानंतर त्यांच्या घरानं धम्म घेतला होता आणि पोरगी शिकलीच पाहिजे हा त्या माउलीचा हट्ट होता. शाळकरी असताना याच सुमननं एप्रनवरचं वाचून विचारलं होतं — बाई, खिशावर हळद कशाला?

"त्याच आठवड्यात कळलं मला," हेलेना म्हणाली. "पर टपाल गेलं हुतं."

ते उसवलं का नाही, असं मी विचारलं. इतकं सगळं असताना मी हे विचारलं.

"ऱ्हाऊ दे. आता समदी हळदबाईच म्हनत्यात. राणीसरकारपेक्षा बरं." मग पुढची चादर ओढून घेत, "मी वाट बघितली, दादा. वाटलं, तुमी याल."

झोशाचं विचारलं तर म्हणाली, ती आता लिहीत नाही. तिलाही कोणी काही विचारलं असेल. अर्जाचं उत्तर आलंच नव्हतं. ते माझ्या लेखामुळं, त्या कात्रणामुळं, की कोणाच्या टेबलावर कागद नुसता पडून राहिला म्हणून — मला आजही माहीत नाही. माहीत नाही या शब्दांआड मी पुष्कळ वर्षं बसलो.

तिला कोणीतरी हाक मारली. ती गेली. कराडला जाणारी एक जीप उभी होती, तीत मला जागा मिळाली. त्या दिवशी मी चांगली बातमी लिहिली. लोक अजून त्या बातमीची आठवण काढतात.

आणि हेही एवढ्यावर संपत नाही. संपलं असतं तर कदाचित बायकोला सांगून टाकलं असतं.

दोन वर्षांनी सुमन आमच्या कचेरीत आली. तोवर ती नर्स झाली होती, आणि संपादकांच्या खुर्चीवर मी होतो. हेलेनाबाई आदल्या रात्री गेल्या, ती म्हणाली. छातीचं दुखणं. बातमी द्यायची होती, आणि बाईंनी सांगून ठेवलं होतं ती कशी द्यायची. मी कागद ओढला.

"लिहा," सुमन म्हणाली. "हेलेना, धुणं धुणाऱ्या बाईची मुलगी. मिरजेच्या दवाखान्यात शिवणकाम केलं. चित्रं कधी काढली नाहीत. झोशाची थोरली बहीण."

मी शब्दाला शब्द लिहून घेतलं. तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली, माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि गेली.

खोलीत मी एकटा होतो. आता मला कोणाची परवानगी लागत नव्हती, कोणी मला काढणार नव्हतं. ज्यांनी मूळ लेख परत केला होता ते संपादकसुद्धा वारले होते. मग कशाची भीती होती? जुन्या अंकावर माझं नाव होतं, एवढंच. कोणीतरी दोन्ही अंक शेजारी ठेवून बघेल, एवढंच. तो कागद मी फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं — पोलंडच्या सरदार घराण्यातील चित्रकर्ती हेलेना यांचे मिरज येथे निधन. खाली ते कुंचल्याचं आणि सुईचं वाक्यही घातलं. आठवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. सुमन येईल म्हणून मी सकाळपासून कचेरीत बसून होतो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. जिन्यावर पाऊल वाजलं की बघायचो. बाहेर पोरं अंक विकून परत आली, दुपारचा चहा झाला, दिवे लागले.

ती आली नाही.