साडेचार फुटांवरची फट

फट माझ्या नाकासमोर होती आणि पायाखाली ऐंशी फूट मोकळी हवा होती. एक हात चिमणीच्या लोखंडी पायरीत अडकवला होता, दुसऱ्या हातात कॅमेरा. पायरी थरथरत होती. माझे पाय थरथरत नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण रिगरचे पाय थरथरायला लागले तर त्यानं खाली उतरून दुसरा धंदा बघावा. थरथरत होती ती चिमणी.

रिगर म्हणजे उंचावर दोर बांधणारा, जड सामान चढवणारा-उतरवणारा माणूस. मी तोच. निजामाच्या राज्यात पोलिस ॲक्शन झाली तेव्हा मी शाळेत होतो. आधी उर्दूत शिकलो, मग मराठीत. चौथीत दोन्हींना रामराम केला. पण चिकलठाण्याकडच्या त्या तेलगिरणीत माझ्याइतकं वर जाणारा दुसरा कुणी नव्हता. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे.

चिमणी विटांची नव्हती, पत्र्याची होती. जाड पत्र्याची गोल नळकांडी एकावर एक ठेवून वेल्डिंग केलेली. चारी बाजूंनी तारेचे दोर जमिनीपर्यंत ताणलेले. आदल्या दिवशी त्या दोरांचे क्लॅम्प आवळायला वर गेलो, तेव्हा वेल्डिंगच्या सांध्यावर ही फट दिसली. वीतभर लांब. मी खिशातलं हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पान तिच्यात सरकवलं. वारं आलं की पान ढिलं होऊन हलायचं. वारं गेलं की ते असं घट्ट धरलं जायचं, की ओढून निघत नव्हतं.

म्हणजे फट श्वास घेत होती.

मी खाली बघितलं. चिमणीच्या बुडाला लागूनच पत्र्याची शेड होती. तिथं तीस-पस्तीस बायका पोती शिवायच्या. त्यांत माझी बायको गया होती.

खाली उतरलो तो थेट मॅनेजर जोशी साहेबांकडं गेलो.

"साहेब, चिमणीला फट पडलीय. बॉयलर बंद करा आन शेड रिकामी करा."

"गंजाची रेघ असेल, नामदेव."

"रेघंत पान जात नाय, साहेब. वर चला, दावतो."

साहेबांनी स्वतःच्या पोटाकडं बघितलं, मग चिमणीकडं. फोन लावला तो पुण्याच्या इंजिनिअरला. चिमणी त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली होती. बोलून झालं, फोन ठेवला.

"ते म्हणतात फोटो पाठवा. एका रिगरच्या सांगण्यावरून ऐन सीझनात गिरणी बंद करता येणार नाही. फोटोग्राफर वर चढेल का?"

"फोटोग्राफर कशाला? माझ्याकडं कॅमेरा हाय."

"तुझ्याकडं?"

व्हय, माझ्याकडं. सेकंडहँड घेतला होता. दौलताबादच्या किल्ल्याचा मी काढलेला फोटो आमच्या आळीत चार घरांत लावलेला होता. माझे फोटो झकास येतात असं मी सगळ्यांना सांगत असे आणि कुणी नाही म्हणत नसे.

"ठीक आहे, काढ," साहेब म्हणाले. "पण एक ऐक. शेडमध्ये गवगवा केलास आणि बायका पळाल्या, तर उद्यापासून गेटाबाहेर."

आणि म्हणून मी दुसऱ्या दिवशी कॅमेरा गळ्यात घालून वर होतो. कारागीर माणूस बारीक काही बघायचं तर जवळ जातो. मीही तसाच गेलो. फटीपासून हातभर अंतरावर कॅमेरा धरला, दाबला. आणखी जवळ गेलो, दाबला. बारा फोटोंचा अख्खा रोल संपवला.

रोल धुवायला उस्मानपुऱ्यात हमीदभाईंच्या स्टुडिओत दिला. हमीदभाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तोंडात कायम पान. दोन दिवसांनी गेलो तर त्यांनी प्रिंट काउंटरवर पसरून ठेवले होते.

"नामदेवराव, ये क्या लाये? उतू चाललेल्या दुधाचा फोटो काढला का?"

बाराच्या बारा फोटोंत नुसतं करडं धुकं. फट नाही, सांधा नाही, काही नाही.

"तुमचं औषध शिळं असंल," मी म्हणालो.

"अच्छा! मेरी दवा शिळी? उसी दवा में आज दो शादियाँ धोया मैं. नवरी का तीळ तक दिखता. कॅमेरा आणा इकडं, मी बघतो."

"मला शिकवू नका. दौलताबाद मीच काढला."

"किल्ला पळत नाय, भाऊ. आन चार कोस दूर असतो."

मी प्रिंट उचलले आणि निघून आलो. साहेबांनी ते बघितले आणि एका बोटानं परत सरकवले. "यात धुळीशिवाय काही नाही, नामदेव. हे पुण्याला पाठवलं तर हसतील."

त्या दिवशी घरी आलो आणि गयाला सांगितलं, "उद्यापासून शेडमध्ये जाऊ नको."

"का?"

"चिमणीला फट हाय."

"मला म्हाईत हाय. समद्यांना म्हाईत हाय. तुमचा जोडीदार किसन पोटात काय ठेवतो का?"

"मग बसता कशाला खाली?"

"बायका म्हणत्यात, गयाचा नवरा रोज वर चढतो आन रोज खाली येतो. पडायची असती तर तो चढला असता का?" ती भाकरी थापत राहिली. "मी एकटी घरी बसले तर त्यांनी काय समजायचं? तुमचा फोटू आला की समद्या संगंच उठू."

मी वर चढत होतो म्हणून त्या खाली बसत होत्या.

पाचव्या दिवशी पुन्हा चढलो. या वेळी हात हलू नये म्हणून स्वतःला पायरीशी आवळून बांधलं. श्वास रोखला. आणि आणखी जवळ गेलो. पहिल्या दिवशी फटीच्या दोन्ही टोकांना मी लाल रंगाचे ठिपके दिले होते. आता फट दोन्ही ठिपक्यांच्या पुढं दोन-दोन बोटं गेली होती. वारं आलं की आतून बारीक कुरकुर ऐकू यायची. दाढ किडल्यावर घास चावताना होते तशी. खाली शेडमधून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यांतला गयाचा कुठला ते मला वरूनही ओळखू येत होतं.

सातव्या दिवशी प्रिंट हातात आले. आधीच्यापेक्षा वाईट.

हमीदभाई या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "आहे काय हे? कशाचा फोटो काढताय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, गयाचंही. त्यांनी तोंडातलं पान थुंकलं.

"पयलेच बोलना था ना! कॅमेरा द्या."

कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती एक कडं होतं. त्यावर तीन चित्रं होती. एका माणसाचं डोकं, दोन उभी माणसं आणि डोंगर. कडं डोंगरावर होतं.

"हे डोंगरावर का?"

"चिमणी उंच हाय म्हणून."

हमीदभाईंनी डोळे मिटून घेतले. मग माझा हात धरला आणि माझाच तळवा माझ्या डोळ्यांना चिकटवला.

"रेघा दिसतात?"

"नाय."

"दूर न्या. दूर. अब?"

"आता दिसतात."

"कॅमेऱ्याचं बी तसंच. डोंगर म्हणजे लांबचं. दोन माणसं म्हणजे दहा फूट. डोकं म्हणजे साडेचार फूट. त्याच्या आत त्याला दिसतच नाय. तुम्ही जितके जवळ गेलात तितका तो आंधळा झाला."

मी म्हणालो, साडेचार फुटांवरून फट बारीक येईल. ते म्हणाले, बारीक येऊ दे. फोटो धारदार असला तर मी घरच्या दाराएवढा मोठा करून देतो. धुकं मोठं केलं तर मोठं धुकंच मिळतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी पाळी सुट्टी टाकून त्यांच्या दुकानात शिकलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर तसा बसलो असेन. त्यांनी शटर समजावलं. शटर म्हणजे भिंगाची पापणी. ती सेकंदाच्या साठाव्या भागात मिटली तर हललेली वस्तू पुसट येते. अडीचशेव्या भागात मिटली तर हलायला वेळच मिळत नाही. दुसरं म्हणजे ऊन. दुपारचं ऊन समोरून पडलं की खड्डा सपाट दिसतो. सकाळचं तिरपं ऊन फटीत सावली पाडतं आणि सावली काळी येते. तिसरं, त्यांनी कॅमेऱ्याला एक सुतळी बांधली आणि टेपनं मोजून साडेचार फुटांवर गाठ मारली.

"गाठ पत्र्याजवळच्या पायरीला अडकवा. सुतळी ताणून धरा. अंतर बी बरोबर, आन ताणामुळं कॅमेरा हलणार बी नाय."

त्यांच्या दुकानातल्या कॅलेंडरवर मी सहा फोटो काढून बघितले. त्यांनी लगेच धुतले. तारखांखालची बारीक अक्षरं वाचता आली. इतकी वर्षं मी ज्यांना झकास म्हणत होतो ते सगळे फोटो डोळ्यांपुढून गेले.

पण खरा प्रश्न पुढं होता. पायरीवर उभा राहिलो तर डोळा पत्र्यापासून दीड फुटावर येतो. साडेचार फुटांवर काय आहे? हवा आहे.

विजेच्या खांबावरचा लाइनमन कमरेच्या पट्ट्यावर मागं रेलतो, तसं रेलावं लागणार होतं. माझी उंची साडेपाच फूट. पाय पायरीवर रोवून पाठ मागं सोडली तर डोळा बरोबर तिथं जातो. मी पुष्कळदा असा रेललोय. पण भक्कम खांबावर. इथं दोर कुठल्या पायरीला बांधायचा ते ठरवायचं होतं. फटीच्या वरच्या पायरीला बांधला आणि वरचा भाग गेला, तर मी त्याच्याबरोबर जाणार. म्हणून खालच्या पायरीला बांधायचा. मग वरचा भाग गेला तर तो माझ्यावरून जाणार.

नवव्या दिवशी सकाळी किसन खाली दोर धरून उभा राहिला. म्हणाला, "नाना, आज वारं लई हाय. उद्या काढू."

"वारं नसलं तर फट उघडतच नाय," मी म्हणालो. हे मला रात्री पडल्या पडल्या सुचलं होतं आणि सुचलं नसतं तर बरं झालं असतं. आधीच्या दोन्ही वेळी मी वारं थांबायची वाट बघून कॅमेरा दाबला होता. मिटलेल्या फटीचे फोटो काढत होतो मी.

वर गेलो. फटीशेजारी ग्रीस लावून स्टीलची मापपट्टी चिकटवली, म्हणजे फट किती रुंद ते आकड्यांत दिसेल. कडं डोक्याच्या चित्रावर. शटर अडीचशेवर. सुतळीची गाठ पायरीत अडकवली. दोर खालच्या पायरीला बांधला, तीनदा ओढून बघितला आणि मागं रेललो.

आता दोन्ही हात कॅमेऱ्याला हवे होते. म्हणजे चिमणी सोडायची होती. उजवा हात सुटला. डावा सुटेना. मी त्याला सोड म्हणत होतो आणि तो ऐकत नव्हता. तीस वर्षं लोखंड धरलेला हात. बोटं पांढरी पडली होती. खालून किसन ओरडला, "नाना, काय झालं?" मग मी एकेक बोट मोकळं केलं, करंगळीपासून.

सुतळी ताणली. काचेतून बघितलं. वारं नव्हतं. थांबलो. कमरेत दोर रुतत होता. मी कधी वाऱ्यासाठी देवाचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं, आणि येऊ नको म्हणूनही त्याच तोंडानं म्हणत होतो.

वारं आलं. चिमणी वरून एका बाजूला झुकली. कुरकुर झाली. फट उघडली आणि मला तिच्यातून आतला काळोख दिसला. दाबलं. रोल फिरवला, पुन्हा दाबलं. तिसऱ्या झोताला आतून खट्ट असा आवाज आला आणि घासातला खडा दाताला लागावा तसा तो माझ्या तळपायांना लागला. तरी दाबलं. सात फोटो झाले. आठवा काढायची छाती झाली नाही. खरं ते सांगतो.

खाली उतरलो तेव्हा मात्र पाय थरथरत होते. किसननं ते बघितलं, पण कधी बोलून दाखवलं नाही.

हमीदभाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढून रोल धुतला. पाचवा फोटो निवडला आणि हातभर मोठा केला. ओल्या कागदावर हळूहळू फट उमटली, काठ असे की बोट कापेल. शेजारी मापपट्टीचे आकडे. त्यांनी भिंगातून मोजलं. "तीन मिलिमीटर." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सायकल नको, रिक्षानं जा."

जोशी साहेबांनी फोटो खिडकीपाशी नेला. त्यांनी पट्टीचे आकडे मोजले. परत मोजले. मग मला पहिला प्रश्न विचारला.

"आत्ता शेडमध्ये किती बायका आहेत?"

"चौतीस."

साहेब स्वतः पळत गेले. इतक्या वजनाचा माणूस पळताना मी तेव्हाच बघितला. बायका सुया हातात तशाच घेऊन बाहेर आल्या. गया सगळ्यांत शेवटी आली, अर्धं शिवलेलं पोतं सांभाळत. मला बघून म्हणाली, "आला का फोटू? लई दिवस लावले."

बॉयलर थंड केला. पुण्याचे इंजिनिअर फोटो बघून त्याच आठवड्यात आले, क्रेन आली. वरच्या भागाला क्रेनचा दोर घातला आणि गॅस कटरवाल्यानं सांधा कापायला घेतला. चौथा हिस्सासुद्धा कापून झाला नसेल, तोच वरचा तीस फुटांचा तुकडा आपणहून सुटला आणि क्रेनच्या दोरावर गोल फिरत लोंबत राहिला. कटरवाला खाली येऊन बराच वेळ जमिनीवर बसून होता. आतला पत्रा गंजून पापडासारखा झाला होता.

अहवालात लिहिलं गेलं की नियमित तपासणीत दोष आढळला. माझं नाव नव्हतं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं, आता वाटत नाही.

फोटोची हौस असलेले लोक मला अजून विचारतात की धारदार फोटो कसा काढायचा. मी सांगतो. अंतर मोजा, हात हलू देऊ नका, ऊन तिरपं घ्या, पापणी झटकन मिटू द्या. आणि ज्याला येतं त्याला पहिल्याच दिवशी विचारा. हमीदभाई चौथ्या दिवशीच म्हणाले होते, कॅमेरा आणा, मी बघतो. मी ऐकलं असतं तर गया त्या चिमणीखाली सहा दिवसच बसली असती. ती नऊ दिवस बसली. त्यातले तीन माझ्या हेक्याचे.