जिवंत संयुगाचं तेरावं

आमच्या प्रयोगशाळेत एखादं संयुग नापास झालं की आम्ही त्याचं तेरावं घालायचो. म्हणजे फळ्यावरचं त्याचं नाव पुसायचं, कँटीनमध्ये जायचं आणि ज्यानं ते बनवलं त्यानं सगळ्यांना साबुदाणा वडा आणि जिलबी खायला घालायची. आमच्या मार्गदर्शक मॅडमना हा प्रकार पोरकट वाटायचा, पण तेराव्याला त्या न चुकता यायच्या. "मयत तरुण होतं हो," असं म्हणून जिलबीचा पहिला तुकडा मोडायच्या.

संयुगं बनवायचं काम माझं. वाळूमाशीतून पसरणाऱ्या काळ्या आजाराचा परजीवी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल इतका लहान, पण त्या एवढ्याशा देहात नेहमीच्या डीएनएखेरीज डीएनएचं आणखी एक दाट गाठोडं असतं. माणसाच्या पेशीत तसलं गाठोडं नसतं. त्या डीएनएच्या खाचेत जाऊन घट्ट बसेल आणि परजीवीचं सगळं काम बंद पाडेल, पण माणसाला त्रास देणार नाही, असा रेणू आम्हाला हवा होता. पाहुण्यांना सांगताना हे एका वाक्यात होतं. करताना माझी निम्मी पीएचडी गेली आणि डोक्यावरचे बरेच केसही.

परजीवी सांभाळायची माझी मैत्रीण, नागपूरकडची. मी वाघोलीहून बसचे धक्के खात पोचायचे तोवर तिनं परजीवींना खाऊपिऊ घालून झालेलं असायचं. "माझी पोरं आज खुशीत आहेत, आण तुझं विष," असं माझं स्वागत व्हायचं.

त्या दिवशी तिच्या हातात आमच्या मालिकेतलं शेवटचं संयुग होतं. मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. हेही गेलं असतं तर परजीवीचं काम कायमचं बंद, कारण पुढे ते घ्यायला कुणीच तयार नव्हतं. मॅडमनी उभी हयात या एका खाचेमागे घालवली होती, त्यामुळे आम्ही दोघी सकाळपासून एकमेकींवर विनाकारण खेकसत होतो.

माझ्या रेणूला स्वतःची हिरवी चमक होती. तो गाठोड्यात शिरला असेल तर प्रत्येक परजीवीत एक हिरवा ठिपका दिसायला हवा होता. दिसला तो नुसता निळा, म्हणजे डीएनए कुठे आहे ते कळावं म्हणून घालतात त्या रंगाचा. हिरवं कुठेच नाही. परजीवी मरत मात्र होते. म्हणजे आमचं औषध जिथे जायला हवं तिथे न जाताच मारत होतं.

मॅडमनी एकदा डोकावून पाहिलं. "नुसतं विष बनवायला इतकी वर्षं लागत नाहीत हो. दुकानात मिळतं."

फळा पुसला. कँटीनमध्ये बसलो. मी चिडले की वडे जास्त खाते, तशी खात होते. खाता खाता मैत्रिणीला विचारलं, नक्की कसं केलंस?

"नेहमीसारखंच. आधी तुझं औषध, मग धुतलं, मग भरपूर निळा रंग."

माझा घास तोंडातच राहिला. तो निळा रंगही डीएनएच्या त्याच खाचेत बसतो! स्वारगेटला आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि आत घुसलेल्या घोळक्यानं रुमाल उडवून तीच जागा बळकावावी, तसं झालं होतं. आमच्या रेणूला उठवून रंग बसला होता. डीएनए म्हटलं की निळा रंग घालायचाच, ही आमच्याकडची इतकी जुनी सवय, की कुणाच्या डोक्यात शंकाच आली नाही.

"अगं, मेलेलं नाही ते! आपण जिवंताचं तेरावं जेवतोय!" मी ओरडले. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ ताट घेऊन दुसरीकडे गेले.

"काय बोलून राहिली तू?" मैत्रीण म्हणाली आणि पुढच्याच क्षणी तिला कळलं. मॅडमनी जिलबी चावून संपवली. "मग बसलात काय? रंगाशिवाय करा. आणि शेजारी माणसाच्या पेशी ठेवा."

दुपार कलायच्या सुमाराला सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचा काळा पडदा ओढून आम्ही बसलो. मैत्रिणीनं आधी पाहिलं. मी तिला अक्षरशः ढकलून डोळा लावला. सगळीकडे अंधार, आणि त्या अंधारात प्रत्येक परजीवीच्या पोटात एकेक हिरवा ठिपका. शेजारच्या माणसाच्या पेशी अंधारातच होत्या. मला इतका आनंद झाला, की मी मैत्रिणीच्या पाठीत धपाटाच घातला. मग आम्ही त्या अंधारात, खुर्च्यांना ठेचकाळत, चक्क फुगडी घातली.

मॅडमना बोलावलं. त्या बसल्या. एरवी क्षणभर बघून चूक काढणाऱ्या मॅडम बराच वेळ उठल्याच नाहीत.

"मला काही दिसत नाहीये," त्या म्हणाल्या.

चमक विझली की काय? मैत्रीण घाईनं यंत्राची कळ फिरवायला गेली, तसा मॅडमनी तिचा हात धरला.

"हात लावू नका. यंत्र ठीक आहे. डोळ्यांत पाणी आलंय माझ्या. जरा थांबा."